पंच क्रमांक एक

लाचेच्या सापळ्यात दोन पंच, म्हणजे तटस्थ साक्षीदार, असतात. पंच क्रमांक दोन छापा घालणाऱ्या पथकाबरोबर जरा लांब थांबतो. पंच क्रमांक एकने तक्रारदाराच्या सोबत राहायचं, समोरचा माणूस काय बोलतो ते ऐकायचं आणि पैसे कुणाच्या हातात गेले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. तक्रारदार आणि आरोपी दोघांनाही न ओळखणारा माणूस या कामाला लागतो. म्हणून लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, म्हणजे सगळे ज्याला एसीबी म्हणतात तो, दुसऱ्या सरकारी कार्यालयांकडून कर्मचारी मागवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये असं एक पत्र पुण्यात सेंट्रल बिल्डिंगच्या आवारातल्या आमच्या कार्यालयात आलं. दोन कर्मचारी, त्यातली एक महिला, दुसऱ्या दिवशी सकाळी हजर ठेवावेत. कशासाठी, कुणाविरुद्ध, काही नाही. साहेबांनी माझं नाव दिलं.

शेजारच्या टेबलावरून लगेच सल्ला आला, आजारी रजा टाक. पंच झालं की कोर्टाच्या खेपा निवृत्तीपर्यंत चुकत नाहीत, आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तो कोण निघेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. पण मी हिशोबाच्या शाखेत आहे. समोर आलेल्या बिलाखालची सही कुणाची आणि त्या सहीमागे खरंच काम झालंय का, हे बघण्यातच माझी सगळी नोकरी झाली. पंचाचं काम त्याच जातीचं वाटलं, आणि मी गेले.

महिला कशासाठी हवी ते तिथं कळलं. तक्रार एका नगरसेविकेच्या संपर्क कार्यालयाबद्दल होती. पैसे तिच्या नवऱ्याने मागितले होते, पण सापळ्याच्या वेळी त्या बाई स्वतः तिथं असतील, कदाचित पैसे त्याच स्वीकारतील, ही शक्यता अधिकाऱ्यांनी धरली होती. थोडक्यात, मला बोलावलं होतं ते त्यांच्यासाठी.

तक्रारदार खानावळ चालवणारे गृहस्थ. स्पर्धा परीक्षेची पोरं त्यांच्याकडे जेवायची आणि त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही इथं मामाच म्हणते. त्यांनी इमारतीच्या साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड टाकून जेवणाची टेबलं वाढवली होती. शेड अनधिकृत होती, हे त्यांनी स्वतःच तक्रारीत लिहून दिलं होतं. नगरसेविकेच्या लेटरहेडवर बांधकाम विभागाला पत्र गेलं, तिथून एमआरटीपी, म्हणजे नगररचनेच्या कायद्याच्या कलम ५३ ची, बेकायदा बांधकामाबद्दलची नोटीस आली, आणि नोटिशीपाठोपाठ नगरसेविकेच्या नवऱ्याचा निरोप आला की येऊन भेटा. भेटल्यावर ऐंशी हजार. पैसे दिले तर पत्र मागे घेऊ, नाहीतर शेड पाडू, आणि शेडबरोबर खानावळीचं लायसनपण बघू. मामांनी १०६४ या एसीबीच्या हेल्पलाइनवर फोन लावला.

इथं बऱ्याच जणांच्या मनात येईल, की ज्याची शेडच बेकायदा तो कसला तक्रारदार. माझ्याही शेजारी बसलेल्या दुसऱ्या पंचांनी तेच विचारलं. अधिकारी म्हणाले, "शेडचं काय करायचं ते महापालिका कायद्यानं करेल. पण शेड न पाडण्याची किंमत ठरवायचा अधिकार कुणालाच नाही." मला हे पटलं. अनधिकृत शेड पाडायची असेल तर नोटीस, सुनावणी, कारवाई असा रस्ता आहे. त्या रस्त्यावर मध्येच उभं राहून पैसे गोळा करणाऱ्यामुळे शेडही राहते आणि कायदाही जातो.

लाच देणाराही आता गुन्हेगार ठरतो, हे मला तिथंच समजलं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात जुलै २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ज्याला जबरदस्तीने लाच द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो सुटतो. आधीच कळवून, सापळ्यासाठी म्हणून पैसे देणाऱ्याला तर ते कलम लागतच नाही. मामांनी ही माहिती कुठून काढली होती देव जाणे, पण त्यांना ती पाठ होती.

पहिल्या दिवशी झाली ती पडताळणी. कुणी तक्रार केली म्हणून लगेच नोटा घेऊन धावत नाहीत. मागणी खरोखर झाली आहे का हे पंचासमोर तपासावं लागतं. एका डिजिटल व्हॉइस रेकॉर्डरमध्ये नवं मेमरी कार्ड आमच्यासमोर घातलं, ते कोरं असल्याची खात्री करून घेतली, अधिकाऱ्यांनी त्यात तारीख, वेळ आणि आमची नावं बोलून घेतली, आणि रेकॉर्डर मामांच्या शर्टाच्या खिशात गेला. मी त्यांची बहीण, खानावळीतली भागीदार, असं ठरलं. मला सक्त सांगणं होतं की आपणहून एक शब्द बोलायचा नाही.

संपर्क कार्यालय त्यांच्याच बंगल्याच्या तळमजल्यावर. दारावर मोठा फलक. फलकावर बाईंचा फोटो, नावापुढे 'नगरसेविका', आणि शेजारी तेवढ्याच आकाराचा नवऱ्याचा हात जोडलेला फोटो. आत टेबलामागच्या उंच पाठीच्या खुर्चीत तोच बसलेला. बाईंच्या नावाची पाटी त्याच्या पुढ्यात. येणारा प्रत्येक माणूस त्याला भाऊ म्हणत होता, आणि एका म्हाताऱ्या आजोबांनी तर सरळ "नगरसेवकसाहेब" म्हणून हाक मारली. त्यानं ती घेतली.

आमची पाळी आली. मामांनी रडगाणं लावलं की एवढे जमणार नाहीत. तो म्हणाला, "तुमच्याकडे बघून पन्नास. अर्धे उद्या, अर्धे पत्र मागे घेतल्यावर." मामांना अधिकाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे त्यांनी विचारलं, "भाऊ, एकदा ताईंना भेटून विनंती करू का?"

तेव्हा त्यानं जे वाक्य उच्चारलं ते मला आजही तसंच्या तसं आठवतं. "ताईंना कशाला त्रास? त्यांना यातलं काय कळतंय? सही त्यांची, बाकी सगळं मी."

तो हे लपवून बोलला नाही. मागे बाकावर माणसं बसली होती आणि तो त्यांच्या देखत बोलला. पैसे मागितल्याचं मला तेवढं नवल वाटलं नाही, जेवढं या वाक्यामागच्या निश्चिंतपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोटा तयार केल्या. पंचवीस हजार, दोन हजारांच्या दहा आणि पाचशेच्या दहा. मामांचेच पैसे. प्रत्येक नोटेचा नंबर पंचनाम्यात लिहिला आणि आम्ही पंचांनी ताडून पाहिला. मग एका हवालदारांनी नोटांना अँथ्रासीनची पूड लावली. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. खोलीत अंधार करून अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की नोट निळसर चमकते. आधी आमचे, मामांचे, पथकातल्या सगळ्यांचे हात त्या दिव्याखाली तपासले, कुणाच्याही हातावर काही नाही हे लिहून घेतलं, मग नोटांवरची चमक दाखवली. पूड लावणारे हवालदार आमच्याबरोबर आले नाहीत. त्यांच्या हाताची पूड चुकून कुठं लागू नये, म्हणून ते कार्यालयातच थांबले. नोटा मामांच्या खिशात दुसऱ्याच माणसाने ठेवल्या आणि मामांना बजावलं की समोरच्याने मागितल्याशिवाय हात लावायचा नाही, कुणाशी हस्तांदोलन करायचं नाही. पैसे स्वीकारले की बाहेर येऊन चष्मा काढायचा, तो इशारा.

ही सगळी काटेकोर तयारी पाहताना मला बरं वाटत होतं. चौकशी, सापळा हे शब्द आपण बातम्यांत वाचतो आणि त्यात काहीतरी छुपं, बेभरवशाचं असेल असं वाटतं. इथं उलट होतं. आरोपीवर अन्याय होऊ नये म्हणून जेवढी काळजी घेतली जात होती, तेवढीच तो सुटू नये म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गणपती जवळ आले होते, रस्त्यावर मांडवाचे वासे पडलेले. पथक आजूबाजूला पांगलं. आत तो एकटा होता, फोनवर. फोन ठेवून म्हणाला, "आणलंय?"

मामा म्हणाले, "हो भाऊ. पंचवीस."

त्यानं हात पुढे केला नाही. टेबलावरची एक निळी फाइल उघडून मामांकडे सरकवली. "ठेवा यात."

मामांनी नोटा ठेवल्या. मला वाटलं आता हा हात लावणारच नाही. पण नोटांची चवड वाकडी पडली होती. त्यानं उजव्या हातानं ती उचलली, अंगठ्यानं कडा सरळ केल्या, फाइल मिटली आणि म्हणाला, "उरलेले झाले की पत्र मागे." मामा उठून बाहेर गेले.

पुढची काही मिनिटं भराभर गेली. पथक आत आलं, अधिकाऱ्यांनी ओळख सांगितली, दोघांनी त्याची दोन्ही मनगटं धरली. तो ओरडला, बाहेर कार्यकर्ते जमले, कुणीतरी घोषणाही दिल्या. खोलीचे दिवे बंद केले आणि तो दिवा लागला. उजव्या हाताची बोटं आणि अंगठा चमकला. फाइल चमकली. नोटा काढून नंबर ताडले, विसाच्या वीस जुळले.

नोटांखाली फाइलमध्ये लेटरहेडचे कागद होते. त्यांच्या वरच्या कागदावरही ती निळसर पूड उतरली होती. पूर्ण कोरे कागद, वर बाईंचं नाव आणि महापालिकेचं बोधचिन्ह, खाली बाईंची सही आणि शिक्का. मजकूर नाही. एकेक कागद पंचनाम्यात घेताना माझ्या मनात राग उसळला. कोऱ्या कागदावर सही करणं म्हणजे काय, हे हिशोबाच्या खात्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यावर तो माणूस उद्या कुणाचीही शेड, कुणाचंही दुकान, कुणाचीही बदली लिहू शकत होता.

मग त्या स्वतः खाली आल्या. वरच्या मजल्यावर होत्या, आवाज ऐकून आल्या. पथकातल्या महिला पोलिसांनी त्यांना शेजारच्या खोलीत बसवलं आणि मला त्यांच्याबरोबर थांबायला सांगितलं. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते, तेही तेव्हा तिथं बोललं गेलं. पण मुळात त्यांच्याविरुद्ध काय आहे, हाच प्रश्न होता. अधिकाऱ्यांनी बांधकाम विभागाला गेलेल्या पत्राची प्रत त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, ही सही तुमची का?

"हो."

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी कागद हातात घेतला आणि शांतपणे पूर्ण वाचला. "हे मी आत्ता पहिल्यांदा वाचतेय," त्या म्हणाल्या. "सह्या मी करते. हे सांगतात तिथं करते."

त्या अडाणी नव्हत्या. बी.कॉम. झालेल्या, लग्नाआधी एका पतसंस्थेत नोकरी केलेली. हे त्यांनीच जबाबात सांगितलं. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटलं. दोन्ही भावना एकमेकींना पुसून टाकत नव्हत्या. ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिका आणि महापालिकांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा ठेवल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं तो वाटा वाढवून निम्म्यावर नेला. पुण्यात २०१७ ला १६२ पैकी ८१ जागा राखीव होत्या. त्यासाठी किती जणी किती वर्षं झगडल्या असतील. आणि त्यातली एक खुर्ची या घरात आली ती अशी, की बसणारा वेगळा, सही करणारी वेगळी. पत्नीच्या नावावर घर घ्यावं तसं पद घेतलं होतं.

त्या रात्री त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. "तुम्ही खरंच त्यांच्या बहीण का हो?" मी म्हणाले, मी सरकारी पंच आहे. त्यावर त्यांनी मान हलवली. मला त्यांना पुष्कळ काही विचारायचं होतं. पंचानं विचारायचं नसतं.

पंचनामा पहाटेपर्यंत चालला. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून शब्दन्‌शब्द लिहिलं, मेमरी कार्डं पाकिटात घालून लाखेचं सील केलं, लेबलांवर आमच्या सह्या घेतल्या. सही करण्याआधी मी प्रत्येक पान वाचलं. एका ठिकाणी "पन्नास हजार" असं टंकलं होतं. मी म्हणाले, तो "पन्नास" एवढंच म्हणाला. अधिकाऱ्यांनी लगेच ते दुरुस्त करून घेतलं. हे इथं सांगतेय कारण पुढे याच शब्दावर तासभर खल झाला.

गुन्हा स्थानिक पोलीस ठाण्यात नोंदला गेला. सकाळच्या पेपरात "नगरसेविकेचा पती लाच घेताना जाळ्यात" अशी बातमी होती. कार्यालयात सगळे विचारायला आले. मी काहीच सांगितलं नाही.

नवरा लोकसेवक नव्हता. त्याला पगार नाही, पद नाही, अधिकार नाही. मग तो लाच घेतो म्हणजे कायद्याच्या भाषेत काय करतो? मला हा प्रश्न नंतर बरेच दिवस पडला होता. नगरसेवक लोकसेवक असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. लोकसेवकाने दुसऱ्यामार्फत पैसे घेतले तरी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातलं लाच घेण्याबद्दलचं कलम ७ लागतं. पण त्यासाठी लोकसेवकाचा सहभाग दाखवावा लागतो. रेकॉर्डिंगमध्ये बाईंचा आवाज नव्हता, पैसे त्यांच्याकडे गेले नव्हते. उरलं ते २०१८ च्या दुरुस्तीतलं कलम ७अ. लोकसेवकाकडून काम करवून घेण्यासाठी भ्रष्ट मार्गानं किंवा स्वतःचं वजन वापरून त्याला वळवतो म्हणून जो पैसे घेतो, तो कुणीही असो, त्याला तीन ते सात वर्षं शिक्षा. नवऱ्यावर दोषारोपपत्र याच कलमाखाली गेलं. बाईंचा जबाब त्यात होता, आरोपी म्हणून नाव नव्हतं.

मधे कोविड आला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि त्या बाई नगरसेविकाही राहिल्या नाहीत. माझी बदली झाली. समन्स आलं तेव्हा २०२४ चा उन्हाळा होता.

शिवाजीनगर कोर्टात सरकारी वकील बाईंनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "तक्रारदार फितूर झालेत." मामांनी साक्षीत सांगितलं होतं की पैसे गणपतीच्या वर्गणीचे होते आणि तक्रारीवरची सही आपण न वाचता केली. मामा मला कोर्टाच्या आवारात भेटले. स्वतःहून जवळ आले. "ताई, मला त्याच गल्लीत धंदा करायचाय. पोराचं लग्न व्हायचंय." मी त्यांना दोष दिला नाही आणि आजही देत नाही. माझा पगार सरकार देतं, मी त्या प्रभागात राहत नाही, माझ्या दारावर कुणी दगड मारणार नाही. खरं बोलायची जी मोकळीक मला होती, ती त्यांना नव्हती.

पण मग खटल्याचं काय? नुसत्या नोटा सापडल्या म्हणून लाच शाबीत होत नाही. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलंय. तक्रारदारच उलटला की पूर्वी अनेक खटले तिथंच संपायचे. वकील बाईंनी मला नीरज दत्ता निकालाबद्दल सांगितलं. १५ डिसेंबर २०२२ चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. तक्रारदार हयात नसला किंवा फितूर झाला तरी दुसऱ्या साक्षीदारांवरून, परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते. "म्हणजे आता तुम्ही," त्या म्हणाल्या. "फक्त ऐकलं तेवढंच सांगा. एक शब्द जास्त नको, एक कमी नको."

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांनी मला प्रश्न विचारणं, शांतपणे झाला. मी त्याला ओळखलं, जागा सांगितली, वाक्यं सांगितली. सील फोडून मुद्देमाल दाखवला. पाकिटातून दोन हजाराच्या त्या गुलाबी नोटा निघाल्या, तोवर रिझर्व्ह बँकेने मे २०२३ मध्ये त्या चलनातून काढून घ्यायला सुरुवात करून वर्ष उलटलं होतं. मी लेबलांवरच्या माझ्या सह्या ओळखल्या.

उलटतपास मात्र लांबला. बचावाचे वकील ज्येष्ठ होते, आवाज कधी चढवला नाही.

"आरोपीने 'पैसे' हा शब्द वापरला का?"

"नाही."

"'लाच' म्हटलं?"

"नाही."

"'पन्नास' म्हणजे पन्नास काय, ते सांगितलं?"

"त्याआधी तक्रारदार म्हणाले होते की ऐंशी हजार जमणार नाहीत. त्यावर आरोपी म्हणाले, पन्नास."

"ऑगस्ट महिना होता. गणपती जवळ होते. आरोपी एका मंडळाचे अध्यक्ष आहेत. ही वर्गणी होती."

"वर्गणी हा शब्द मी ऐकला नाही. पावती मागितली नाही, दिली नाही. पैशाच्या बदल्यात पत्र मागे घेण्याची गोष्ट झाली."

"तुम्ही सरकारी नोकर आहात. एसीबीच्या सांगण्याप्रमाणे बोलताय."

"हे म्हणणं खरं नाही."

मग पंचनाम्यातली ती दुरुस्ती त्यांनी काढली. हजार हा शब्द खोडला आहे, म्हणजे पंचनाम्यात फेरफार झालाय, असा त्यांचा रोख. मी सांगितलं की खोडायला मीच सांगितलं, कारण तो शब्द मी ऐकला नव्हता. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य स्वतः टंकलेखकाला सांगितलं.

शेवटी त्यांनी बाईंकडे मोर्चा वळवला. "नगरसेविका तिथं हजर होत्या का?"

"पैसे देतेवेळी नव्हत्या."

"त्यांनी तुमच्यासमोर काही मागितलं?"

"नाही."

"आरोपी म्हणाले, 'त्यांना यातलं काय कळतंय'. बरोबर?"

"बरोबर. त्याच्या पुढे म्हणाले, 'सही त्यांची, बाकी सगळं मी'."

त्यांचा मुद्दा मला समजत होता. लोकसेवकाला काही माहीतच नाही तर तिच्यावर वजन कसलं टाकलं? पण माझ्या मते, आणि हे मी कोर्टात बोलू शकत नव्हते, त्या वाक्याचा अर्थ नेमका उलटा होता. तिला काही कळू न देता तिची सही वापरता येते, यापेक्षा जास्त वजन कुठलं? त्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघून सांगावंसं वाटलं की बाई, तुमच्या नावावर हे सगळं झालं, आणि तुमचा बचावही आज तुम्हाला काही कळत नाही म्हणूनच होतोय. पिंजऱ्यात उभं राहून मी फक्त ऐकलेलं सांगितलं.

निकाल पुढच्या वर्षी लागला. माझी साक्ष, रेकॉर्डिंग, आवाजाच्या नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आणि दिव्याखाली चमकलेला हात, या सगळ्याची साखळी न्यायालयानं मान्य केली. कलम ७अ खाली तीन वर्षं आणि दंड. शिक्षा स्थगित झाली, तो जामिनावर आहे, अपील उच्च न्यायालयात आहे. वरच्या कोर्टात काय टिकेल ते तिथले न्यायमूर्ती ठरवतील. कोऱ्या लेटरहेडवरच्या सह्यांबद्दल निकालपत्रात एक परिच्छेद आहे. लोकप्रतिनिधीनं असे कागद कुणाच्याही, अगदी नवऱ्याच्याही, ताब्यात देणं गंभीर आहे असं त्यात म्हटलंय. त्यापुढे काही नाही. त्या आरोपी नव्हत्या.

महापालिकेची निवडणूक अखेर जानेवारी २०२६ मध्ये झाली. आमच्या सोसायटीत एक महिला उमेदवार प्रचाराला आल्या, बरोबर नवरा आणि दहा-बारा जण. खाली पार्किंगमध्ये सगळे जमले. मी उमेदवारालाच विचारलं की पावसात मागच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन दरवर्षी उलटते, त्याचं काय करणार. नवरा पुढे झाला, "काकू, ते आपण..." मी म्हटलं, "तुम्ही थांबा हो. मत त्यांना द्यायचंय, त्यांना बोलू द्या." क्षणभर अवघडल्यासारखं झालं. मग त्या बोलल्या. लाइन किती इंचाची आहे, वरच्या दोन नव्या इमारतींचं पाणी त्यात कधीपासून सोडलंय, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज कुणाकडे पडून आहे, सगळं त्यांना ठाऊक होतं. नवऱ्याला त्यातलं बरंच नवीन असावं, तोही ऐकत उभा राहिला. मी पुढचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघींनीही त्यांनाच विचारायला सुरुवात केली.